कळ्या न गाळणारं झाड

नवरा गेला त्याच्या सहाव्या दिवशी ताई कामावर हजर झाली. मालकांनी महिनाभर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण कळ्या कोणासाठी थांबत नाहीत. जिरेनियमची कळी उमलायच्या आदल्या दिवशी हलक्या हाताने उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने एकेक करून काढायचे, मग दोन-तीन दिवसांनी मधल्या दांडीचं टोक पाच बाजूंना चांदणीसारखं उघडलं की त्यावर दुसऱ्या झाडाचा पराग टेकवायचा. एक दिवस चुकला तरी फुलाने आपलं आपण काहीतरी उरकून घेतलेलं असतं, आणि मग बी कोणाचं हे सांगता येत नाही. रोपवाटिकेच्या काचघरात हे काम ताई सव्वीस वर्षं करत होती. तिला सगळेच ताई म्हणायचे. मालक तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, तेसुद्धा.

पहिल्या दिवशी काचघरातल्या बायका हळू आवाजात बोलत होत्या. कोणी चहा आणून ठेवला, कोणी खांद्यावर हात ठेवला. ताईने चहा प्यायला आणि सदतीस कळ्या उरकल्या. पंधरा दिवसांनी बायका पुन्हा पूर्वीसारख्या मोठ्याने हसायला लागल्या. तेही तिला बरंच वाटलं. म्हणजे बरं वाटायला हवं, एवढं तिला कळलं.

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. एका सकाळी तेल कुठून गळतंय ते बघायला बसखाली सरकला तो बाहेर आलाच नाही. हृदय थांबलं होतं. डेपोत त्याला 'दहा-अकरा' म्हणायचे. दहा-अकरा मापाचा पाना खिशात ठेवून तोच पाना सगळ्या वर्कशॉपला मागत फिरायची त्याची खोड होती. घरी तो फार बोलायचा नाही. रविवारी काचघरात कधी पाणी घालायला मदतीला यायचा आणि पंख्याच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की नाही ते सांगायचा.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती दर दोन दिवसांनी फोन करायची.

"आई, तू रडलीस का गं एकदा तरी?"

"वेळ मिळाला नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"मग काय सांगू? नाही रडले."

आई दगड झालीये असं मुलीला वाटत होतं, आणि ताईचंही त्यावर फारसं वेगळं मत नव्हतं. भाजीत मीठ पडलंय की नाही ते कळायचं नाही. आंघोळ झाली की राहिली हे टॉवेल ओला आहे का बघून ठरवायचं. हे सगळं ती दुसऱ्या कोणाचं बघावं तसं बघत होती. एकच गोष्ट नीट चालली होती, ती म्हणजे चिमटा.

काचघरातही तसं आनंदीआनंदच होता. नऊ वर्षांपासून ताई एका वाणाच्या मागे होती. पिकल्या जर्दाळूचा रंग, दाट पाकळ्या, पानावर तपकिरी कडं. रंग साधला होता, पाकळ्या साधल्या होत्या. पण उन्हाळ्यात पारा जरा चढला की कळ्या पिवळ्या पडायच्या आणि सकाळी टेबलाखाली त्यांचा सडा. बायकांनी त्या झाडांचं नाव 'राणीसाहेब' ठेवलं होतं. राणीसाहेबांना ऊन सोसत नाही, राणीसाहेबांना वारा लागतो. ज्या झाडाला लोकांनी बाल्कनीत ठेवायचं त्याला ऊन सोसत नसेल तर ते कोणाच्या कामाचं? दरवर्षी ताई नवी तीनशे-चारशे रोपं फुलवायची, त्यांतली पाच-सहा ठेवायची, बाकीची मागच्या अंगणातल्या ढिगावर. प्रत्येक रोपाला क्रमांकाचं पांढरं लेबल, आणि टाकायचं असेल तर त्यावर का टाकलं ते तिच्या बारीक अक्षरात.

नवरा जाऊन चार महिने झाले तेव्हा डेपोतून वेल्डरचा फोन आला. नवऱ्याचा तो जोडीदार, दोघं एका टेबलावर डबा खायचे.

"वहिनी, वर्कशॉपचे पत्रे बदलताहेत. खिडक्या पण काढणार. दहा-अकराच्या झाडांचं काय करायचं?"

"कसली झाडं?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं."

ती रविवारी गेली. इतक्या वर्षांत डेपोत ती दोनदाच आली असेल. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला लांबलचक खिडकी होती, काचा डिझेलच्या धुराने काळवंडलेल्या, वर तापलेला पत्रा. खिडकीच्या कट्ट्यावर ग्रीसचे डबे, अर्धे कापलेले तेलाचे कॅन, एक फुटकं हेल्मेटसुद्धा. सगळ्यांत जिरेनियम. एकतीस झाडं. आणि प्रत्येकात तिचं पांढरं लेबल, तिच्याच अक्षरात. 'देठ लांब. टाकणे.' 'पान रोगट. टाकणे.' 'रंग मळकट. टाकणे.' सर्वांत जुनं लेबल चौदा वर्षांपूर्वीचं होतं.

"ढिगावरून उचलून आणायचे," वेल्डर म्हणाला. "रविवारी तुमच्याकडे आले की सोमवारी पिशवीत एखादं असायचंच."

"मला कधी बोलले नाहीत."

"ते म्हणायचे, टाकलेलं झाड परत समोर आलं की हिला त्रास होतो. मग कशाला."

ताईला वाटलं, आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं. ती वाट बघत उभी राहिली. काही झालं नाही. काही झाडं वाळत आली होती; वेल्डर आठवेल तेव्हा पाणी घालायचा, पण रोजचा पाणी घालणारा गेल्यावर वाळायचीच. मग तिची नजर कोपऱ्यातल्या एका डब्यावर गेली आणि तिथेच अडकली.

बाहेर भर उन्हाळा होता. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. आणि त्या डब्यातल्या झाडावर फुलांचे अकरा गुच्छ होते. फुलं साधी, एकेरी, पाण्यात विरघळलेल्या गेरूच्या रंगाची. लेबल: 'क्र. २१२. रंग फिका, पाकळ्या विरळ. टाकणे.' चार वर्षांपूर्वीचं. ताईने गुच्छ वर करून कळ्या मोजल्या, मग खाली वाकून जमीन बघितली.

"इथे झाडतं कोण?"

"खरं सांगू? कोणी नाही, वहिनी."

जमिनीवर बोटभर धूळ होती, वाळकी पानं होती, एक नटबोल्ट होता. गळलेली कळी एकही नव्हती.

बाहेरचं झाड काचघरात न्यायचं नाही हा मालकांचा पहिला नियम होता. आधी दोन महिने वेगळं ठेवायचं, तपासायचं, मगच. ताईने २१२ मांडीवर घेऊन बसमधून घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. ती खिडकी चार महिने उघडली नव्हती. झाडाला वारा हवा म्हणून उघडली.

मग तिने कामाला लागावं तशी सुरुवात केली. काचघरातून राणीसाहेबांचा पराग काचेच्या नळीत घेऊन यायचा आणि घरी २१२ च्या फुलांना लावायचा. उलट दिशेने काही न्यायचं नाही. सकाळी झाडाला हात लावायचा नाही, कामाचे कपडे वेगळ्या खोलीत, चपला वेगळ्या. आठवडाभरात चार गुच्छांवर बगळ्याच्या चोचीसारख्या टोकदार शेंगा धरल्या. बी उडून जाऊ नये म्हणून तिने त्यांना पातळ कापडाच्या पिशव्या बांधल्या. शेंगा पिकायला पाच आठवडे लागणार होते.

बाराव्या दिवशी खालच्या एका पानाच्या कडेला पिवळा त्रिकोण दिसला. टोक आतल्या बाजूला, वडीचा तुकडा कापावा तसा. ताईने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. हा रोग ती ओळखत होती. पान, मग देठ, मग खोड काळं पडत जातं. औषध नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर हाताने, कात्रीने, पाण्याच्या थेंबाने जातो, आणि काचघरात शिरला तर महिन्याभरात सगळं रिकामं. उन्हात तग धरणारं झाड आतून हा रोग वागवत होतं, आणि ते किती वर्षांपासून, देव जाणे.

बी मात्र रोग घेत नाही. हे तिला माहीत होतं.

तिने मालकांना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मालकांनी आधी एकच विचारलं.

"त्या कपड्यांत इथे आलात?"

"नाही. चपलासुद्धा वेगळ्या."

"तरीपण." त्यांनी खोकून घसा साफ केला. "उद्यापासून येऊ नका, ताई. बी हाती आलं की झाड जाळा. त्यानंतर तीन आठवडे थांबा. रागावलो नाहीये मी."

"माझ्या कळ्या?"

"तुमच्या कळ्या या वर्षी राहू देत."

आणि डेपोतली झाडं. त्यांचं काय करायचं ते मालकांनी सांगायची गरज नव्हती. पत्रे बदलताना मेकॅनिक लोकांनी ती आपापल्या घरी नेली असती, तिथून शेजारी, तिथून कुठे कुठे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेपोत गेली. वेल्डरने ऐकून घेतलं आणि खिडकीकडे बघितलं.

"पाच-सहा वाळली आहेत. बाकीची तर बरी दिसताहेत की."

"दिसताहेत."

"मग?"

"दिसताहेत तेवढंच. आत सगळ्यांत असणार."

"एखादं ठेवून बघू या? हे लाल. हे त्यांच्या फार आवडीचं."

"नको," ताई म्हणाली. लेबलावर तिनेच लिहिलं होतं, 'नेहमीचा लाल. टाकणे.'

अंगणात रिकामं पिंप होतं. चौघं मेकॅनिक डबे आणून देत होते, ताई झाड मुळासकट उपटून पिंपात टाकत होती आणि लेबल वेगळं काढून मोजत होती. ओली झाडं पेटेनात. मग वेल्डरने डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या घातल्या आणि आपल्या गॅसच्या बत्तीने आग लावली. काळा, तिखट धूर निघाला. त्यात जिरेनियमच्या पानांचा उग्र वास. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, ताईच्याही. वेल्डरने ते पाहिलं आणि तोंड फिरवून उभा राहिला, बाकीच्यांनाही खुणेने बाजूला केलं. धुराने आलंय हे ती सांगू शकली असती. सांगितलं नाही. माणसं चांगली होती. त्यांना तेवढं मिळू दे, असं तिला वाटलं.

त्यानंतरचे आठवडे ती घरातच होती. काम होतं तोवर घर म्हणजे झोपायची जागा होती. आता सकाळचे दहा, दुपारचे तीन, असे कधी न बघितलेले तास समोर येऊन बसायला लागले. वरच्या मजल्यावरची म्हातारी दुपारी खुर्ची ओढते. पाण्याची टाकी भरत आली की पाईप कण्हतो. तिला काही करायचं नव्हतं. झाडाकडे बघायचं आणि पिवळी पानं कागदात गुंडाळून टाकायची, हात साबणाने धुवायचे.

असं नुसतं बघता बघता एका दुपारी तिला खिडकीच्या बिजागरीवर लाल रेघ दिसली. बोल्टच्या डोक्यावरून खाली पट्टीवर आलेली, केसाएवढी, ऑइलपेंटची. ही पद्धत तिला नवऱ्याने एकदा सांगितली होती. बोल्ट घट्ट केला की रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट ढिला झाला. ती उठली आणि घरभर फिरली. पलंगाच्या चारी पायांना रेघा होत्या. कुकरच्या मुठीला होती. पंख्याला, कपाटाच्या कडीला, तिच्या शिवणयंत्राच्या पायट्याला. त्याने हे कधी केलं असेल? ती कामावर असताना, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, एकेक करत. सगळ्या रेघा सरळ होत्या. मागच्या दाराच्या खालच्या बिजागरीवरची तेवढी तुटली होती.

तिने हत्यारांची पेटी काढली, दोन पाने लावून बघितले, तिसरा बसला. बोल्ट आवळला तशा रेघेच्या दोन बाजू पुन्हा जुळल्या. मग ती दाराला टेकून जमिनीवर बसून राहिली. रडू आलं असं नाही. पण उठावंसंही वाटेना, आणि बाहेरचं ऊन दारातून सरकत तिच्या पायांवर येऊन पुढे निघून गेलं तरी ती तिथेच होती.

मुलीचा फोन आला की काय बोलायचं हा प्रश्न असायचा. आता झाड होतं.

"कसा आहे तुझा पेशंट?"

"खोड खालून काळं पडायला लागलंय. चार बोटं वर आलंय."

"आणि शेंगा?"

"हिरव्याच आहेत अजून. तीन आठवडे तरी पाहिजेत."

"म्हणजे आधी कोण पोचतं ते बघायचं."

"तसंच."

मुलगी आता रोज फोन करायला लागली. काळं किती बोटं चढलं, कुठली फांदी पडली, हे विचारून घ्यायची. ताईने खालच्या फांद्या कापल्या, पाणी कमी केलं, उन्हाची तिरीप येईल तसं डब्याला फिरवत राहिली. जगवायचं नव्हतं, नुसतं लांबवायचं होतं. चार गुच्छांतले दोन सुकून गेले. उरलेल्यांच्या शेंगा एका सकाळी तपकिरी झालेल्या दिसल्या आणि दोन दिवसांत फुटल्या. पिशवीत पिसासारखी वळलेली शेपटी असलेलं बी. अकरा निघालं.

"अकरा," तिने मुलीला आपणहून फोन करून सांगितलं. सकाळचे आठ वाजले होते. मुलगी घाबरूनच उठली होती, आईचा फोन कधी येत नसे.

झाड तिने कागदात गुंडाळून डेपोत नेलं आणि त्याच पिंपात जाळलं. डबा उकळत्या पाण्याने धुतला. तीन आठवड्यांनी काचघरात गेली, तेव्हा बायकांनी तिला दारातच पकडून सगळ्या बातम्या एकदम ऐकवल्या. तिने ऐकून घेतल्या. एका ठिकाणी हसलीसुद्धा.

अकरा बियांची टरफलं पॉलिश पेपरवर घासून तिने ती वेगळ्या खोलीत पेरली. नऊ उगवली. दोन रोपं कुजली, सात वाढली, प्रत्येकाची तपासणी झाली, रोग कशातच नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात सात जणांना उघड्या गच्चीवर ठेवलं. सहा जणांनी राणीसाहेबांसारखी मान टाकली. एकाने कळी धरून ठेवली. त्याचा रंग मात्र कोमट चहासारखा होता. जुनी ताई असती तर लेबलावर 'टाकणे' लिहून मोकळी झाली असती. त्याचा पुन्हा राणीसाहेबांशी संकर केला, त्यातून निवडलेल्याचा पुन्हा एकदा. यात तीन वर्षं गेली. दरम्यान तिला भाजीतलं मीठ कळायला लागलं होतं. नेमकं कधीपासून, ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

चौथ्या उन्हाळ्यात गच्चीवर चाळीस कुंड्या होत्या, सगळ्या एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या. जर्दाळूचा रंग, पाकळ्या दाट, पानावर तपकिरी कडं. मालक काठी टेकत वर आले, ऊन मी म्हणत होतं. त्यांनी कुंड्यांखालची फरशी काठीच्या टोकाने दाखवली. फरशी स्वच्छ होती.

"झाडून घेतलंय का?"

"दहा दिवस झाडू लावू दिला नाही."

मालकांनी मान हलवली. "झालं की मग, ताई."

"झालं," ती म्हणाली. आनंद झाला का, हे तिने स्वतःला विचारून बघितलं. थोडासा होता. फार खाली होता, पण होता.

नोंदणीच्या अर्जात मातृझाड कुठून आणलं असा रकाना होता. तिने 'बस डेपो, वर्कशॉपची मागची खिडकी' असं लिहिलं. मालकांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सही केली. वाणाचं नाव विक्री खात्यातल्या मंडळींनी ठरवलं. तिला विचारलं होतं, तिने तुम्हीच ठेवा म्हणून सांगितलं.

डेपोत ती सहा कुंड्या घेऊन गेली. नव्या वर्कशॉपच्या खिडक्या छोट्या होत्या, पण ऊन येत होतं. वेल्डरच्या मिशा आता पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या.

"परत जाळायला तर लागणार नाही ना?" त्याने विचारलं.

"तपासलेली आहेत."

"नाही, डिझेल महाग झालंय म्हणून विचारलं." आणि त्याने कुंड्या एकेक करून कट्ट्यावर मांडल्या, कोणाला हात लावू देईना.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"नाव काय ठेवलं मग?"

"सायंप्रभा."

"काहीतरीच. पडद्याच्या कापडाचं नाव वाटतं."

"मलाही तसंच वाटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी इतक्या उत्साहाने सांगितलं, म्हटलं असू दे."

मुलगी हसली. ताईने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. बोलणं संपत आलं होतं. एरवी या ठिकाणी ती 'ठेवते' म्हणायची.

"तू येतेस का या शनिवारी?" ती म्हणाली.

गेल्या चार वर्षांत मुलीने सात-आठदा येऊ का म्हणून विचारलं होतं आणि ताईने दर वेळी काम पुढे केलं होतं.

"काही झालंय का, आई?"

"काही नाही झालं. ये म्हटलं."

"गाडी कितीची मिळते बघते," मुलगी म्हणाली. "सकाळची मिळाली तर जेवायलाच येते."

"ये."

फोन ठेवून ती आतल्या खोलीत गेली. मुलीच्या पलंगावर रिकाम्या ट्रेंची चळत होती, जुनी लेबलं होती, मातीची अर्धी पोती होती. ताईने दिवा लावला, पदर खोचला आणि एकेक करून सगळं बाहेर काढायला सुरुवात केली.